वाटंत जानारा तास

आमच्या बोर्डिंगात शिकायचं तर काम करायचं, असा कायदाच हुता. अर्धा दिवस पाटी आनि अर्धा दिवस काम. काम केल्याबिगर जेवान न्हाई असं कुनी तोंडानं म्हनत नसं, पर समद्यास्नी ठावं हुतं. आनि काम किती केलं ते तासावर लिवायचं. जितं काम चालायचं तितल्या मानसाकडं एक मोठा ताव असायचा, त्येच्यावर आमची नावं एकाखाली एक, आनि म्होरं वारांची घरं. आली कवा, गेली कवा, ते घरात भरायचं. शनवारी समदं ताव बोर्डिंग चालवनाऱ्या गुरुजींकडं जायचं, गुरुजी बेरीज करायचं, आनि ज्येचं तास जुळायचं न्हाईत त्येला बोलावनं यायचं.

मला त्या बोलावन्याचं लय भ्या वाटायचं. खरं सांगायचं तर तवा मला समद्याचंच भ्या वाटायचं. पोर अंगावर पीत हुती, मालक लढाईवर, आनि मी तासगावच्या अंगाच्या खेड्यातनं उठून साताऱ्यात शिकाया आल्याली, चौथी झाल्याली बाई. मालकांनी रजंवर आल्यावर मामंजींच्या म्होरं बसून सांगितलं हुतं, का हिला सातवी करू द्या, मास्तरीन हुईल, माजं काय बरंवाईट झालं तर कुनाच्या तोंडाकडं बगाय नगं. मामंजी, म्हंजी माजं सासरं, म्हनलं, जाऊ दे, पर एक जरी वंगाळ सबुद कानावर आला तर त्याच पावली घरी आनीन, सातवी ऱ्हायली तितंच ऱ्हाईल. ते येवडंच बोललं. पर मी साताऱ्यात रोज सकाळी उठले की पयलं तेच आठवायचं.

आमी बायका गावात एका बाईंच्या घरात ऱ्हायचो. बाईच आमच्या मास्तरीन. बाई मूळच्या वाईच्या, सुद्द बोलायच्या, कवा कुनावर वरडल्या न्हाईत. शाळा तितंच म्होरल्या सोप्यात, दळान-कांडान मागल्या पडवीत. सोप्यात भितीवर मोठं टोल्याचं घड्याळ हुतं, त्येच्यावर समदं चालायचं. बाईंचा धाकला भाऊ चळवळीत धरला गेलता, जेलात हुता, आनि आमच्या घरावरनं एक पोलीस रोज दोनदा तरी जायचा, नुसता जायचा, पर आमी त्येवडा येळ गप असायचो.

एकदा बाई तिपाईवर चढून त्या घड्याळाम्होरं नुसत्याच हुब्या हुत्या. आमच्यात सांगलीची एक इधवा शिकाया हुती, वयानं मोठी, जिभंला धार असल्याली. ती म्हनली, "बाई, किल्ली देताय का?"

"किल्लीच देत्ये," बाई म्हनल्या. "बाकी काही हलवायचं नाही."

आमी हसलो, कशाला हसलो ते बी कळलं न्हाई.

बाकीच्या बायका गावातल्या, त्यास्नी पडवीतलंच काम. मी शेतावर वाढल्याली, म्हनून गुरुजींनी मला तिसऱ्या पारी मळ्यात लावलं. बोर्डिंगाचा भाजीचा मळा गावाभाईर हुता, हिरीवर मोट चालायची आनि मी दारं धरायचं, म्हंजी खोऱ्यानं माती वडून एक वाफा भरला की पानी दुसऱ्यात सोडायचं. मळ्याचं तास लिवायचं काम एका म्हाताऱ्या हवालदाराकडं हुतं. ते पयल्या लढाईत जाऊन आल्यालं, एक पाय अधू, पिन्शन खायचं, आनि खिशात साखळीचं घड्याळ. मी बांदावर पाय ठेवला की ते घड्याळ उघडायचं, बगायचं, तावावर लिवायचं, आनि टपकन मिटायचं. मला काय बोलायचं न्हाईत.

बाईंकडनं निगाले की मळ्यापतूर वाट काय लांब न्हवती. मदी एक चिच हुती, तिच्या बुडात सपाट दगड. तितं मी पोरीला पाजायची. घरातनं निगताना पोर झोपल्याली असायची, चालाय लागलं की उठायची, चिचंपाशी आली की रडाय लागायची. पाजून, खांद्यावर टाकून, ढेकर निगाली का बगून मग म्होरं. मळ्यात झाडाला झोळी बांदल्याली हुती, तितं तिला टाकायचं.

असं चाललं हुतं. आनि एका शनवारी मला बोलावनं आलं.

गुरुजी खाली बसल्यालं, म्होरं दोन ताव, एक बाईंचा एक हवालदारांचा. मला म्हनलं, बस. मी बसले न्हाई. पोर काखंत.

"बाईंकडून चार वाजता निघतेस," गुरुजी म्हनलं. "मळ्यात पाच वाजून गेल्यावर पोचतेस. रोज तसंच आहे. मधला तास कुठं जातो?"

म्या म्हनलं, "गुरुजी, वाटंत पोरीला पाजते."

गुरुजींनी मान खाली घातली. "पाजू नकोस असं कुणी म्हणत नाही. पण त्याला तास लागत नाही."

"न्हाई जी."

"मग?"

मला घड्याळ कळत न्हवतं. टोलं मोजता यायचं, पर काट्यांचं गनित माज्या डोक्यात बसल्यालं न्हवतं, आनि गावाकडं आमाला कुनी कवा मिंटं विचारली न्हवती. तवा गुरुजींचा कागद म्हनतोय तर तास जात असंल, असंच मला वाटलं. पाजताना मानूस कुटं ध्यानात असतंय. पोर वढती, डोळं जड हुत्यात, वारं लागतंय. म्या म्हनलं असंल माजीच चूक, तितंच बसून ऱ्हात असंन.

म्हनून मग मी पाजायचं सोडलं. म्हंजी वाटंत सोडलं. बाईंकडं चाराचं टोलं पडलं की पोरीला पदरात बांदायची आनि पळत सुटायची. चिच आली की पोर रडायची, तिला जागा ठावं झाल्याली, ती मान वळवून त्या दगडाकडं बगायची आनि मी तिचं डोकं दाबून धरून पळायची. चोळी वली व्हायची. छातीत कळ यायची. लोक बगायचं, का ही बाई कुटं पळती, हिच्या घरी काय झालंय का. मळ्यात पोचायची तवा मला सबुद फुटायचा न्हाई.

हवालदार म्हनलं, "का गं, मागं वाघ लागला का?"

"न्हाई जी. लवकर आले न्हवं?"

त्येंनी घड्याळ बगितलं. "रोजच्या टायमालाच आलीस. काय मिंटं आदी."

येवडं पळून काय मिंटं. मी झोळीपाशी बसून पोरीला घेतलं तर ती रुसल्याली, घेईना. हवालदारांनी तोंड फिरवलं आनि मोटंच्या बैलांकडं गेलं.

घरात ही गोष्ट कशी कळली ते मला ठावं न्हाई, पर कळली. सांगलीची इधवा दळताना म्हनायची, "आमच्या वाटा बाई सरळ. काहींच्या वाटंला फांद्या फुटत्यात."

दुसरी कुनी म्हनायची, "मालक मिलिटरीत, मग बायकूला कवायत नगं का?"

आनि मग समद्या जात्यावर वाकून हसायच्या. मी बी दळत ऱ्हायची. त्यात राग येन्यासारखं मला काय वाटायचं न्हाई, भ्या वाटायचं. लढाईवर गेल्याल्या मानसाची बायकू आनि दिसाचा एक तास कुनाच्या हिशेबात न्हाई, ह्येचा अर्थ काय हुतो ते मला कळत हुतं. बाईंना गुरुजींनी इतकंच सांगितलं हुतं की ती मळ्यात उशिरा पोचती. किती उशिरा ते सांगितलं न्हाई आनि मी लाजंनं सांगितलं न्हाई. बाई म्हनल्या, "अगं, रमतगमत जाऊ नकोस," आनि त्या शाळंच्या कामाला लागल्या.

दुसऱ्या शनवारी परत बोलावनं.

"अजून तसंच आहे," गुरुजी म्हनलं.

"मी पळत जाते गुरुजी."

"पळत जाऊन एवढा वेळ लागतो?"

त्येंचा आवाज रागाचा न्हवता. रागाचा असता तर बरं झालं असतं. ते तावाकडं बगत म्हनलं, "मी तुझ्या सासऱ्यांना शब्द दिला आहे. वाईट काही लिहीत नाही. सुनेचे तास जुळत नाहीत, एकदा येऊन जा, एवढंच कळवतो."

आता गावाकडं ह्ये येवडंच किती हुतंय ते गुरुजींना काय ठावं. पोस्टाचं कारड आलं की ते गावच्या शाळंतला मास्तर वाचनार, आनि वाचून झालं की गावाला ठावं.

गुरुजींनी मामंजींना मंगळवारी बोलावलं हुतं. मंगळवारी आलं न्हाईत. म्या म्हनलं रागानं येत न्हाईत, आता मालकांनाच लिवत्याल. मला जेवान गेलं न्हाई. बुधवारी दुपारी टांगा वाजला आनि मामंजी उतरलं, धोतर धुळीनं भरल्यालं, घोंगडं खांद्यावर. बाई आत शिकवत हुत्या. मी म्होरल्या पायरीवर पानी दिलं आनि पदर वडून हुबी ऱ्हायले.

त्येंनी चूळ भरली. पोरीकडं बगितलं. मग मला म्हनलं, "बोचकं बांद."

मी रिकामा तांब्या उचलला.

"कालच येत हुतो," ते म्हनलं, आता हे ते पायरीला सांगत असल्यावानी, माज्याकडं न बगता. "ठेसनावर गेलो तर गाडी गेल्याली. ऊन बगून निगालो हुतो मी, जल्मभर ऊन बगून निगालोय, कवा गाडी चुकली न्हाई. ठेसनमास्तर म्हनतो, बाबा, आता नवा टाइम हाय, सरकारनं लढाईसाठी समदी घड्याळं एक तास म्होरं केल्यात. म्या म्हनलं, घड्याळ म्होरं न्या की, माजी ना न्हाई, पर गाडी कशाला नेली? रातभर ठेसनावर बसलो."

मी तांब्या घेऊन आत निगाले हुते ती दारातच थांबले.

एक तास म्होरं.

ह्ये नवा टाइम, जुना टाइम मी गावात ऐकलं हुतं, पर सरकारच्या लय गोष्टी ऐकू येत असत्यात, त्यातलं आपल्याला काय लागतंय ते कुटं कळतंय. आता मला बाई तिपाईवर हुब्या दिसल्या. किल्लीच देत्ये, बाकी काही हलवायचं नाही. सोप्यातलं घड्याळ जुन्या टायमावर हुतं. बाईंनी काटं हलवलंच न्हवतं. आनि हवालदार पिन्शनवालं, सरकारनं सांगितलं की त्येच दिशी त्येंनी काटा फिरवला असनार. बाईंच्या घरात राबनाऱ्या बायका घरातच राबायच्या, मळ्यातली मानसं मळ्यातच. एका घड्याळाखालनं दुसऱ्या घड्याळाखाली जानारी मी एकलीच हुते. तास वाटंत जातच न्हवता.

मला लय हलकं वाटलं. आनि लगीच दुसरं भ्या आलं, ते पयल्यापरास मोठं. ह्ये मी सांगायचं म्हंजी बाईंचं सांगायचं. गुरुजींनी समद्यास्नी घड्याळं म्होरं कराया सांगितल्यालं, बोर्डिंगाला सरकारी मदत हुती. भाऊ जेलात, पोलीस दारावरनं जातोय, आनि मी म्हननार का ह्या सरकारचा टाइम मानत न्हाईत. माज्या पोरीला त्या शिकवताना मांडीवर घेऊन बसायच्या. म्या तोंड मिटलं.

पर मामंजी बसल्या जागंवरनं म्हनलं, "किती वाजता निगतीस तू मळ्यात?"

"चारला."

"मी येतो संगं. बोचकं आल्यावर बांद. वाट तरी बगू, कसली हाय ती."

घड्याळानं चार टोलं दिलं. मामंजींनी ते बोटावर मोजलं. मग पोरीला त्येंनी खांद्यावर घेतलं, मला दिलं न्हाई, आनि मी मागनं चालाय लागले. बायका दारात आल्या. इधवा बी आली, हातातलं सूप तसंच धरून.

चिचंपाशी पोर रडाय लागली. मी खाली बगून चालत ऱ्हायले.

"भुकेजलीया ती," मामंजी म्हनलं. "पाज की."

"उशीर हुईल."

"कुनाला?"

ते दगडापासनं बाजूला जाऊन माज्याकडं पाठ करून बसलं आनि तंबाकू मळाय लागलं. मी पाजलं. लय दिसांनी त्या दगडावर बसले हुते. पोर मदीच थांबून माज्याकडं बगायची, परत प्यायची. मामंजींचा बार भरून झाला तरी ते वळलं न्हाईत. मीच म्हनलं, "झालं," तवा उठलं.

मळ्यात पोचलो. हवालदारांनी घड्याळ उघडलं, बगितलं, तावावर लिवलं, मिटलं.

"राम राम हवालदार," मामंजी म्हनलं. "किती वाजलं?"

"सव्वापाच."

मामंजींनी वर उनाकडं बगितलं. मग हिरीच्या खांबाची सावली बगितली. मग हवालदारांकडं. "आवं, आमी चाराचं टोलं मोजून निगालो. तंबाकू खाल्ली, पोर प्याली. येवड्यात सव्वा तास जातोय व्हय? बैल बी हसत्याल."

"माजं घड्याळ चुकत न्हाई," हवालदार म्हनलं. "सरकारी टाइम हाय ह्यो."

"म्हंजी ठेसनाचा."

"ठेसनाचाच."

मामंजींनी परत उनाकडं बगितलं. मी त्येंचं तोंड बगितलं, आनि मला कळलं की त्येंना कळलं. एक रात ठेसनावर काढल्याल्या मानसाला ते लवकर कळलं. ते म्हनाय लागलं, "मग त्या तुमच्या बाईंच्या घरचं घड्याळ..."

आनि मी बोलले. लग्न झाल्यापासनं मामंजींच्या म्होरं मी व्हय-न्हाईच्या पल्याड बोलल्याली न्हवते. म्या म्हनलं, "मामंजी, त्या घड्याळाचं कुनाला बोलू नगा. मला घरी न्या पायजे तर. बाईंचा भाऊ जेलात हाय."

आनि मग ध्यानात आलं, की हवालदार तितंच हुबं हायेत, आनि ते पिन्शन खात्यात, आनि आता समदं बोलून झालं. मोटंचं पानी पाटात येऊन भडाभडा पडत हुतं, तेवडाच आवाज.

हवालदारांनी घड्याळ खिशात टाकलं, साखळी नीट केली. "मी हितं मानसांचं तास लिवतो गड्या," ते मामंजींना म्हनलं. "घड्याळांचा रपोट द्यायची डूटी माजी न्हवं." मग मला म्हनलं, "दारं धर जा. पयला वाफा फुटाय आलाय."

मी खोरं घेऊन पळाले.

मामंजी आनि हवालदार हिरीवर बसून बोलत हुतं, दोघं पयल्या लढाईचं बोलत हुतं का माजं, ते मला पान्याच्या आवाजात ऐकू आलं न्हाई. परतताना ते म्होरं आनि मी मागं. वाटंत ते येवडंच म्हनलं, "गुरुजींना मी सांगतो. त्येंना सांगावं लागंल, त्येंच्या तावात हाय ते. पर माज्या पद्धतीनं सांगतो."

त्येंची पद्धत मी बी ऐकली, भाईर हुबं ऱ्हाऊन. "गुरुजी," ते म्हनलं, "मी सुनंसंगं चालून आलो. ती वाटंत कुटं थांबत न्हाई, पोरीला पाजती तेवडंच. आता तुमी एकदा चारला बाईंकडं च्या प्यायला जावा, आनि जाताना तुमचं घड्याळ संगं न्या."

गुरुजी दुसऱ्या दिशी आलं. मी पडवीत दळत हुते, जातं थांबवलं. सोप्यात कपबशीचा आवाज आला.

मग गुरुजी म्हनलं, "बाई, तुमचं घड्याळ मागं आहे."

"मागं नाही," बाई म्हनल्या. "होतं तिथंच आहे."

"कुणी विचारलं तर?"

"किल्ली द्यायची राहून गेली म्हणेन."

"असं रोज राहून जाईल?"

"भाऊ सुटून येईपर्यंत राहील."

गुरुजींनी कपबशी खाली ठेवली. "त्या मुलीला माहीत होतं का?"

"कुठल्या मुलीला?" बाईंनी विचारलं. मग गुरुजींनी त्यास्नी समदं सांगितलं, तास, ताव, कारड, मामंजी. थोड्या येळानं त्या पडवीत आल्या, माज्याजवळ खाली बसल्या, आनि जात्याचा खुटा धरून माज्यासंगं वडाय लागल्या. त्यास्नी दळाय यायचं न्हाई, पीठ जाडं पडाय लागलं. मी बी सांगितलं न्हाई. पायलीभर जवारी सपस्तवर आमी दोघी तशाच दळत ऱ्हायलो.

गुरुजींनी माजा ताव बदलला. बाईंकडं माजं काम तासावर लिवायचं बंद केलं, दळान सपलं की काम पुरं, असं ठरलं. तास फकस्त मळ्यात, हवालदारांनी लिवायचं. मागल्या दोन्ही आठवड्यांत तो हरवल्याला तास हुता तितं गुरुजींनी आपल्या हातानं आडवी रेघ मारली आनि खाली सई केली. बाईंचं घड्याळ हाय तितंच ऱ्हायलं, लढाई सपून सरकारनंच काटं मागं आनंपतूर.

मामंजी शुक्रवारी गेलं. गाडी दिस बुडताना हुती, ते सकाळी भाकरी खाऊनच निगालं. बाई म्हनल्या, "अहो, दिवसभर काय करणार स्टेशनवर?"

"बसतो की," ते म्हनलं. "सरकारचा काय भरोसा, आज दोन तास म्होरं नेत्याल."

बोचक्याचं नाव त्येंनी परत काडलं न्हाई. टांग्यात बसल्यावर मला जवळ बोलावलं. मी वाकले. ते म्हनलं, "गावात कारड वाचलं गेलंय. मी जाऊन सांगनार हाय, घड्याळाचा घोळ हुता म्हनून. कुनाचं घड्याळ ते सांगनार न्हाई." मग विचारलं, "सातवी कवा असती?"

"उन्हाळ्यात."

"मग पळत जाऊ नगंस. पोर सुकलीया."

त्या दिशी चारला मी निगाले आनि चिचंखाली बसले. तितनं मळ्याचा बांद दिसतोय, आनि बांदावरनं चिच दिसती, ह्ये मला तवापतूर ध्यानात आलं न्हवतं. पोर पीत हुती. बांदावर हवालदार हुबं हुतं, काठीवर भार टाकून. त्येंनी माज्याकडं बगितलं, घड्याळ उघडलं, तावावर लिवलं आनि मिटलं. मी अजून दगडावरच हुते. पोचले तवा त्येंनी परत घड्याळ काडलं न्हाई.

"आलीस न्हवं," ते म्हनलं. "लिवलंय मी."